‘दिसलं’ आणि ‘वाटलं’

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

घरी जास्त वेळ मोबाइल पाहणारी मुलं बालवाडीत जास्त भांडतात, हे निरीक्षणातून ‘सिद्ध झालं’ आहे, असं वाक्य आपल्या पुरवणीतल्या लेखात वाचलं. त्या ‘सिद्ध’ शब्दासाठी हे पत्र. मी २१ वर्षं मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून निरीक्षणाचं प्रात्यक्षिक करून घेतलं. या पद्धतीवर माझा जीव आहे, म्हणूनच तिच्या नावावर नको ते खपवलेलं बघवत नाही.

पहिल्या दिवशी मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायला सांगायचे. डावीकडे ‘दिसलं’, उजवीकडे ‘वाटलं’. दहा सेकंद बघायचं, दहा सेकंद लिहायचं. एकदा दोन विद्यार्थिनी एकाच मुलाकडे बघत होत्या. वाळूत खेळता खेळता त्यानं शेजारच्या मुलीची बादली घेतली. एकीनं डावीकडे लिहिलं, ‘चिडून हिसकावली’. दुसरीनं लिहिलं, ‘भरून द्यायला घेतली’. दोन्ही वाक्यं उजवीकडची. डावीकडे यायला हवं होतं ते एवढंच: कडी धरली, आपल्याकडे ओढली, मुलीनं हात सोडला, ती रडली नाही. हा फरक अंगवळणी पडायला काहींना पूर्ण सत्र लागायचं.

तरीही ही पद्धत हवीच. प्रश्नावलीत माणूस स्वतःबद्दल आठवेल तेवढं आणि शोभेल तेवढं सांगतो. लहान मूल तर तेवढंही सांगत नाही. बाळ आणि आई यांच्या नात्याचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांचं नाव निघालं की आई खोलीतून बाहेर जाते आणि परत येते तो वीसेक मिनिटांचा प्रयोगशाळेतला प्रसंगच सगळ्यांना आठवतो. पण त्याआधी अमेरिकेतल्या बाल्टिमोरमधल्या २६ कुटुंबांच्या घरी दर तीन आठवड्यांनी, एका वेळी सुमारे चार तास, बाळाच्या पहिल्या वर्षभर बसून निरीक्षणं झाली होती. त्या वीस मिनिटांना अर्थ आला तो या घरच्या तासांमुळे. माझ्या मते शिकवताना नेमकी हीच गोष्ट गाळली जाते.

आता दोष. बघणारा आला की बघितलं जाणारं बदलतं. आमच्या एका विद्यार्थ्याजवळ येऊन एका मुलीनं विचारलं, ‘माझं नाव लिहिलंस का?’ आणि पुढची पंधरा मिनिटं ती सगळ्यांना आपली खेळणी वाटत होती. म्हणून मुलांना सवय होईपर्यंतच्या नोंदी आम्ही धरतच नसू.

दुसरा दोष बघणाऱ्याच्या मनातला. रोझेंथाल आणि फोड या संशोधकांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एकाच जातकुळीचे उंदीर दिले होते. काहींना सांगितलं, तुमचे हुशार आहेत. काहींना सांगितलं, तुमचे मठ्ठ. ‘हुशार’ उंदरांनी खरोखरच सरस कामगिरी केल्याच्या नोंदी आल्या.

मग दोन निरीक्षक ठेवायचे आणि त्यांच्या नोंदी जुळतात का ते बघायचं. पण इथेही फसगत होते. दहा-दहा सेकंदांच्या नोंदींच्या शंभर रकान्यांपैकी दोघांनी प्रत्येकी दहा ठिकाणी, अगदी डोळे मिटून, ‘भांडण’ अशी खूण केली, तरी त्यांच्या नोंदी सरासरी ८२ ठिकाणी जुळतील, कारण उरलेले बहुतेक रकाने दोघांचेही कोरेच असतात. योगायोगानं होणारी ही जुळणी वजा करण्यासाठी मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये ‘कॅपा’ हे माप सुचवलं. नुसती टक्केवारी वाचली की मी म्हणूनच बिचकते.

हे सगळं नीट पाळलं, तरी कारण हाती लागत नाही. मुळातच चळवळ्या असलेल्या मुलाला शांत बसवायला मोबाइल दिला जात असेल. किंवा घरातल्या ताणामुळे मोबाइलही वाढला असेल आणि भांडणंही. ‘सोबत आढळलं’ इतकंच या पद्धतीनं म्हणता येतं. ‘त्यामुळे झालं’ म्हणायला काहीतरी मुद्दाम बदलून बघावं लागतं.

अशा लेखांत पुढच्या वेळी तीन गोष्टी जरूर छापा: किती तास बघितलं, किती जणांनी बघितलं, आणि कोणतं मूल घरी मोबाइल पाहतं हे बघणाऱ्यांना आधीच ठाऊक होतं का?

आपली,
एक निवृत्त मानसशास्त्र प्राध्यापिका