रेल्वेचा इतिहास टर्मिनसवर संपत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात आपल्या रेल्वे स्टेशनच्या इतिहासावर अर्धं पान आलंय. फोटो चांगले आहेत. पण 'इंग्रजांनी कोल्हापूरला रेल्वे दिली' हे वाक्य वाचल्यावर राहवलं नाही, म्हणून लिहितो.

इंग्रजांनी काही दिलेलं नाही. मिरज-कोल्हापूर मार्ग संस्थानाने स्वतःच्या खर्चाने बांधला. गाड्या चालवण्याचं काम तेवढं सदर्न मराठा रेल्वे या कंपनीकडे होतं. 3 मे 1888 ला पायाभरणी झाली ती शाहू महाराजांच्या हस्ते. तेव्हा त्यांना चौदावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं आणि राज्यारोहण 1894 चं. 1891 मध्ये गाडी सुरू झाली. म्हणजे या रुळांत रयतेचा पैसा आहे. कोल्हापुरातल्या वर्तमानपत्राला हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं.

दुसरं, लेखात मधल्या स्टेशनांचं नावसुद्धा नाही. गूळ मार्केट, वळिवडे, रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर. पॅसेंजर भरते ती या गावांच्या माणसांनी. वळिवडे तरी सुटायला नको होतं! दुसऱ्या महायुद्धात, 1943 पासून, पोलंडमधली सुमारे पाच हजार निर्वासित माणसं तिथल्या छावणीत राहिली. त्यांत बहुतेक बायका आणि मुलंच. ती गेल्यावर फाळणीत घरदार सुटलेली सिंधी कुटुंबं तिथे आली आणि गांधीनगर उभं राहिलं. आज सगळा जिल्हा तिथे कापड घ्यायला जातो.

सुशोभीकरणाबद्दल लेखात पुष्कळ कौतुक आहे. मला त्यावर एवढंच सांगायचंय की मधल्या फलाटांवर एकदा उतरून बघा. माझी आई मेथी-कोथिंबिरीची बुट्टी घेऊन सकाळच्या पॅसेंजरने कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजाराला जायची. आमच्या गावचा फलाट जमिनीलगत. डब्याची शेवटची पायरी तिच्या गुडघ्याच्याही वर यायची. चढताना आधी बुट्टी आत सरकवायची, मग दांडी धरून स्वतःला वर ओढायचं. उतरताना आधी बुट्टी खाली, मग लुगडं आवरून पाठमोरं उतरायचं. गाडी थांबणार मिनिटभर. एका पावसाळ्यात परत येताना पाय घसरला आणि हातावर पडली. मनगट मोडलं. चिखलात बसूनच 'चुंबळ कुठं गेली बघ' म्हणाली, दुखतंय म्हणून नाही. हाड वाकडं जुळलं. त्यानंतर तिला ओलं लुगडं पिळता आलं नाही, बाजार तर सुटलाच. फलाट उंच करा म्हणून मी अर्ज दिला, पोचही घेतली. उत्तर आलं नाही. आई गेली, फलाट अजून तसाच आहे. आजही म्हातारी माणसं तिथे कुणाच्या तरी खांद्याचा आधार घेऊन उतरतात.

1971 ला मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आलं, आता वीजही आली. मार्ग मात्र एकेरीच. समोरून येणाऱ्या गाडीचं क्रॉसिंग आलं की पासधारकांची पॅसेंजर बाजूला उभी राहते आणि कामावर जाणाऱ्यांचा खाडा पडतो. दुहेरीकरणावर आपण एक ओळ लिहायला हवी होती.

आणि स्टेशनचा विषय निघालाच आहे तर स्टेशनजवळच्या परीख पुलाबद्दलही लिहा. जोराचा पाऊस झाला की पुलाखाली पाणी तुंबतं. राजारामपुरीकडून गाडी गाठायला निघालेला माणूस बॅग डोक्यावर घेऊन त्यातून जातो, नाहीतर लांबून वळसा घालतो आणि गाडी चुकवतो. दर पावसाळ्यात आपल्याकडे त्या पाण्याचा फोटो येतो. निचरा का होत नाही, हे कुणाला तरी विचारून एकदा छापा.

संस्थानाच्या खर्चाबद्दलची दुरुस्ती मात्र याच आठवड्यात यावी, ही विनंती.

आपला,
एक जुना पासधारक, ता. हातकणंगले