आवक नोंदवही

नागपूर, रविवार

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

काल गणेशपेठ स्टँडवर तुला गडचिरोलीच्या एसटीत बसवलं, तेव्हाच हे बोलायचं होतं. धीर झाला नाही.

माझ्या शेजारच्या टेबलावरचे काका तुला आठवत असतील. तू ऑफिसात आलीस की लिमलेटची गोळी द्यायचे. सायकलला दोन कुलपं लावणारा माणूस. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. ते लाच घेताना सापडले, एवढंच तुला माहीत आहे.

सुरुवात पैशाने झालीच नाही, बेटा. निविदा घ्यायची मुदत दुपारी ३ वाजेपर्यंत होती. एका कंत्राटदाराचं पाकीट दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. साहेब म्हणाले, कालच्या तारखेत घ्या. काका वही घेऊन माझ्याकडे आले, हळूच विचारलं, "काय करू?" मी म्हणालो, "साहेब म्हणून राहिले न, करून टाका."

मग त्यांनी कालचंच पेन शोधलं. रद्दी कागदावर शाई जुळते का पाहिलं. तारखेच्या शिक्क्याचं चाक एक घर मागे फिरवलं, छाप मारला, चाक पुन्हा जागेवर आणलं आणि हात धुऊन आले. त्यांचा सगळा जपून वागण्याचा स्वभाव त्या एका ओळीत उतरला होता.

दिवाळीत त्यांच्या घरी संत्रा बर्फीचा डबा आला, तळाशी पाकीट. काकूंनी नंतर तुझ्या आईला सांगितलं, पंधरा दिवस ते कपाटावर तसंच पडून होतं. परत करावं तर साहेब दुखावतील, ठेवावं तर झोप लागत नाही. सोळाव्या दिवशी मुलाची फी भरायची होती. पुढे कुणाला किती टक्के, हा हिशेबही त्यांच्याकडेच आला, कारण त्यांच्याइतका चोख माणूस ऑफिसात दुसरा नव्हता.

सापळा लागला त्या दिवशी मी समोरच होतो. नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पावडर होती. पंचांसमोर त्यांची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली आणि पाणी गुलाबी झालं. काका त्या ग्लासाकडे बघतच राहिले. मग माझ्याकडे पाहिलं. मी फाईल उघडली.

या गुन्ह्याला आज किमान ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षं कैद आहे, ते तुला परीक्षेसाठी पाठ होतं. मलाही एक नियम पाठ होता. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९: वरिष्ठांचा आदेश शक्यतो लेखी असावा, तोंडी असेल तर तो लेखी करून घ्यावा. काका वही घेऊन उभे होते तेव्हा हे एक वाक्य मी बोललो असतो तर? साहेबांची नाराजी माझ्यावर येईल, म्हणून गप्प बसलो. माझ्यावर कधी कुणी बोट ठेवलं नाही. पण ती ओळ आम्ही दोघांनी लिहिली, असं मी मानतो.

तुझ्या टेबलावरही आवक नोंदवही असेल. असा कागद आला तर साहेबांना नम्रपणे म्हण, "लेखी द्या." बदलीची धमकी मिळाली तर मिळू दे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर फोनमध्ये ठेव. आणि त्याच रात्री मला फोन कर. बारा वाजले असले तरी कर. काकांनी ज्याला विचारलं त्याने नीट उत्तर दिलं नाही. तुला मी देईन.

आई विचारते आहे, लोणच्याची बरणी नीट पोचली का?

तुझे
बाबा