साच्यावर जागा कुणाला होती

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

आईची कंबर आता बरी असेल. बाबा, गोळ्या संपायच्या आत कळवा, मी इथून पाठवते.

पत्राचं कारण ईरा. शाळेच्या प्रकल्पासाठी तिने बलुतेदारीबद्दल विचारलं, तेव्हा तुम्ही फोनवर सांगितलंत की गावात ज्याचं त्याचं काम ठरलेलं होतं, सगळे गुण्यागोविंदाने राहत. तिने ते तसंच उतरवून घेतलं. बाबा, हे अर्धंच झालं. सुताराला, कुंभाराला खळ्यावर धान्य मिळायचं हे खरं, पण सुताराच्या पोराला जोशी होता येत नव्हतं. महाराला तर काम नाकारायचीही सोय नव्हती. मेलेलं ढोर ओढायचं, मयताचा सांगावा घेऊन उन्हातान्हात गावोगाव जायचं, वेस राखायची आणि वर दारोदार भाकरी मागायची. त्याला वतन म्हणत! हे बदलण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणलं. ही वतनं रद्द करणारा कायदा १९५८ चा, तोवर बाबासाहेब हयात नव्हते.

तुम्ही म्हणाल, मुंबईत आल्यावर हे सुटलं, गिरणीत जातपात नव्हती. आजोबा साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे होते, याचा मला फार अभिमान आहे. पण त्यांच्या काळात साचेखात्यात महार कामगार का नसत? मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी घालून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे. त्या धोट्याला महारांचं तोंड लागलं तर आपण बाटू, म्हणून स्पृश्य कामगारांनीच त्यांना तिथे येऊ दिलं नाही. मालकाने नव्हे, सोबतच्या कामगारांनी. ते राहिले सूत कातायच्या रिंगखात्यात, कमी पगारावर. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावलं की ही बंदी उठवायची मागणी घाला, नाहीतर आमची माणसं संपात येणार नाहीत. तेव्हा कुठे ती नाइलाजाने घातली गेली.

आजोबांच्या हातात कसब होतं, पण ते शिकायला आधी साचा मिळावा लागतो. त्यांना तो गावच्या जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या ओळखीने मिळाला. त्या पगारावर तुम्ही मॅट्रिक झालात, आणि मी आज बँकेत आहे. रिंगखात्यातल्या माणसाच्या नातवंडांपर्यंत काय पोचलं असेल, हा हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लिहिलं की जात ही नुसती कामाची विभागणी नाही, काम करणाऱ्यांची विभागणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली. हे जुनं झालं असं मला मुंबईत राहून म्हणवत नाही. हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्ध १९९३ चा कायदा आहे, २०१३ चाही आहे, तरी माणसं गटारात उतरून गुदमरून मरतात. ती बहुतेक कुठल्या जातींची असतात हे तुम्हालाही ठाऊक आहे.

आई, चाळीतले संडास साफ करणाऱ्या बाईच्या ओंजळीत पाणी वरून ओतायचे, हे तूच मला सांगितलं होतंस. तेव्हा तुझा आवाज जड झाला होता. ते ईरालाही सांग.

रविवारी ती पुन्हा फोन करेल. बाबा, तिला साचेखात्याचं आणि रिंगखात्याचं सगळं सांगा, आजोबांकडून ऐकलेलं आणि तुम्ही स्वतः पाहिलेलं. कुणाची जेवणाची पंगत कुठे बसायची तेही. तिला ते तुमच्या तोंडून ऐकायला मिळायला हवं.

तुमची लेक