इंग्रजीच्या तासाला हात कुठे ठेवायचे

ता. धडगाव, जि. नंदुरबार
14 जुलै

प्रिय विलास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. सातवीच्या गणितावरून उचलून एकदम दुसरीच्या इंग्रजीवर बसवलं म्हणून तू वैतागला आहेस, हे ओळीओळीत दिसतंय. पण "माझंच इंग्रजी कच्चं, मी काय डोंबल शिकवणार?" हे मला पटलं नाही. 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हाही शिक्षकांच्या खोलीत हेच रडगाणं होतं. दुसरीपुरतं इंग्रजी तुझ्याकडे आहे रे. मला काळजी तुझ्या हातांची आहे. फळ्याकडे तोंड आणि एक हात खिशात, अशी तुझी शिकवण्याची तऱ्हा. गणिताला ते खपून गेलं, इथे नाही खपायचं.

तुमच्याकडे अडलं की मराठीत अर्थ सांगून मोकळं होता येतं. मला तीही सोय नाही. इथली पोरं घरी पावरी बोलतात. मराठी त्यांना शाळेत आल्यावरच शिकायची असते. 'अंडर' म्हणजे 'खाली' असं सांगितलं तर एकाच्या जागी दोन कोडी पडतात. म्हणून मी एखाद्याचं दप्तर उचलतो, टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, 'ऑन'. मग टेबलाखाली सरकवतो, 'अंडर'. शेवटी मी स्वतःच टेबलाखाली शिरतो. वर्ग खदखदून हसतो आणि शब्द पक्का होतो. (एकदा मी असा खाली असताना केंद्रप्रमुख दारात येऊन उभे राहिले. ते भेटीत सांगेन.)

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी 1960 च्या दशकात याचीच रीतसर पद्धत बसवली. शिक्षकाने आज्ञा द्यायची, स्वतः करून दाखवायची, आणि मुलांनी आधी नुसतं अंगाने उत्तर द्यायचं. बोलायची घाई नाही. आपण मात्र पहिल्या दिवसापासून 'रिपीट आफ्टर मी'चा घोष लावतो.

यात एक मेख आहे. 'स्टँड अप' म्हणताना आपला हात आपसूक वर जातो आणि पोरं त्या हाताबरोबर उठतात; शब्दाकडे कुणाचं लक्ष नसतं. काही दिवसांनी हात पाठीमागे बांधून तेच म्हणून बघ. बरीचशी बसून राहतील, उरलेली शेजाऱ्याकडे बघून उठतील. म्हणजे खूण द्यायची तशी ती हळूहळू काढूनही घ्यायची. हेच बहुतेक जण विसरतात आणि 'माझ्या वर्गाला सगळं कळतं' म्हणत वर्ष काढतात. नंतर एखाद्या दिवशी मुद्दाम हात वर करून 'सिट डाऊन' म्हण. तुला फसवायला मिळतंय म्हटल्यावर पोरं कान टवकारून ऐकतात.

आता चुकांचं. कुणी 'शी गोइंग' म्हटलं की आपल्या कपाळाला आठी पडते. पोरगं ती आठी बरोब्बर वाचतं, चूक कुठे झाली ते त्याला कळतच नाही, आणि पुढच्या वेळी तोंड उघडत नाही. त्यापेक्षा तीन बोटं धर. पहिलं 'शी', तिसरं 'गोइंग', मधलं नुसतं हलवायचं, आणि तोंड बंद. बोटं पोरांच्या डावीकडून उजवीकडे मोजायची, तुझ्या नव्हे. नाहीतर त्यांना वाक्य उलटं दिसतं. माझ्या वर्गात मागे भिंतीला टेकून बसणारी एक मुलगी आहे, सहसा बोलतच नाही. परवा त्या मधल्या बोटाकडे बघत राहिली, ओठ हलले आणि हळूच म्हणाली, 'इज'.

तिला तेवढा वेळ मिळाला म्हणून ते झालं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात दाखवून दिलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीनेक सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारीही बोलू लागतात. त्यांचे वर्ग विज्ञानाचे होते, पण परक्या भाषेत तर हे जास्तच लागू. ती तीन सेकंद तुला युगासारखी वाटतील. तेवढ्यात घड्याळ बघू नकोस, खडू झटकू नकोस. भुवया जरा उंच, नजर उत्तर देणाऱ्या पोरावर, बस्स.

आणि ती पट्टी! शिक्षण हक्क कायद्याने 2009 सालीच मार बंद केला, तरी 'फळ्यावरचं दाखवायला' म्हणून ती आपल्या हातात असतेच. पोरांचे डोळे पट्टीच्या टोकावर, मांजराच्या चित्रावर नाहीत. उघडा तळवा वापर. नाव पुकारतानाही बोट रोखू नकोस.

प्रशिक्षणात '93 टक्के संवाद शब्दांविना होतो' अशी स्लाइड आली तर मान डोलवू नकोस. हा आकडा ज्यांवरून आला ते मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांचे 1967 चे प्रयोग समोरच्याच्या भावना आणि आवडनिवड ओळखण्यापुरते होते. ते सगळ्याच संवादाला लागू असतं तर पाठ टाचण काढायची कटकटच मिटली असती.

सोबतच्या बाईंना सांगून तुझ्या एका तासाचं मोबाईलवर शूटिंग करून घे आणि आधी आवाज बंद करून बघ. मग मलाही पाठव. रेंजचं इथे काही खरं नाही, पण बाजाराच्या दिवशी धडगावात गेलो की उतरवून घेईन आणि सविस्तर कळवीन. वहिनींना नमस्कार, चिंगीला आशीर्वाद. दिवाळीच्या सुट्टीत इकडे यायचं नक्की कर.

तुझा,
बाळू