फाटक्या पंखाचं फुलपाखरू मरायला टेकलेलं नसतं

मा. संपादक साहेब, नमस्कार.

रविवारी कासच्या फुलांच्या पठारावर गेलेलो, गर्दीचं तर विचारूच नका. तिथं एका पोरानं मागचा पंख अर्धा गेलेलं फुलपाखरू चिमटीत धरलेलं आणि आई मोबाईल रोखून म्हणतेय, धर नीट, तसंपण ते मरणारच आहे! पोराची बोटं पंखाच्या पावडरीनं माखलेली.

आमच्या परसात सातेरी मधमाश्यांच्या दोन पेट्या आहेत म्हणून सांगतो, म्हाताऱ्या कामकरी माश्यांचे पंख कडेनं जुन्या धोतरासारखे विरलेले असतात आणि तरी त्या दिवसभर ये-जा करतात. माशीच्या पंखात स्नायू नसतात, ते सगळे छातीत, आणि एकदा फाटलेला पंख परत भरून येत नाही, नख निदान वाढतं तरी. मग जे उरलंय त्यावरच भागवायचं. धड पंखांनीसुद्धा मधमाशी सेकंदाला दोनशेच्या वर फडके मारते, पंख आखूड झाला की फडके अजून वाढवते, आणि एकाच बाजूचा फाटला तर बरेच किडे त्या बाजूचा झोका मोठा करून तोल सांभाळतात. पंखातल्या शिरा पण कामाच्या, चीर शिरेपाशी आली की बऱ्याचदा तिथंच अडते. फुकट नाही हे सगळं, पंख जास्त झिजलेली माशी लवकर मरते.

फुलपाखराचं तर नवलच. अमेरिकेत 2008 साली छापून आलेल्या एका अभ्यासात मागचे दोन्ही पंख पूर्ण कापून बघितले (बिचारी!) तरी ती उडाली. गेलं काय तर झटकन वळायची, हुलकावणी द्यायची ताकद. पक्षी झडप घालतो तेव्हा बऱ्याचदा मागच्या पंखाचा तुकडा त्याच्या चोचीत राहतो आणि फुलपाखरू निसटतं, म्हणजे कासचं ते फुलपाखरू एकदा वाचून आलेलं असणार, फक्त आता त्याला झटकन वळता येत नसावं, म्हणून तर त्या पोराला एवढ्या सहज सापडलं असेल.

मी त्या बाईंना बोललो तर मलाच म्हणाल्या, काका तुम्ही फॉरेस्टचे का? नाही बाई, साधा पेटीवाला.

तिकीट काढतो तिथं फुलं तोडू नका सांगतात तसं फाटक्या पंखाचं काही दिसलं तर हात लावू नका एवढं पण सांगा, पुढच्या सीझनच्या आत झालं तर बरं.

आपला,
एक मधपाळ, सातारा