शंभर कमी

मिरज
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय दिन्या,

दीड वर्षानं लिहितोय. फोन करणार होतो, पण फोनवर तू हसतोस आणि तू हसलास की माझं सांगायचं राहून जातं. तब्येत बरी. गुडघा कुरकुरतो, साखर गोळीवर आहे. झालं.

बुधवारी बारावीच्या पोरांसमोर माझं नेहमीचं ट्यूरिंगपुराण होतं. तुला पाठच आहे. १९५० साल, 'माइंड' हे तत्त्वज्ञानाचं नियतकालिक, त्यात इंग्रज गणिती अ‍ॅलन ट्यूरिंगचा निबंध, यंत्राला विचार करता येतो का. पलीकडच्या खोलीत माणूस आहे की यंत्र, ते टाइप होऊन आलेल्या उत्तरांवरून ओळखायचं. पहिला प्रश्न, स्कॉटलंडमधल्या फोर्थच्या पुलावर सुनीत लिही. उत्तर येतं, मला यातून वगळा, कविता मला कधी जमलीच नाही. पोरं हसली. दुसरा प्रश्न, ३४९५७ आणि ७०७६४ यांची बेरीज. इथं मी तीस सेकंद गप्प उभा राहतो, कारण निबंधातही तेवढीच थांबणूक आहे (तू याला 'विज्याचं संगीत नाटक' म्हणायचास), आणि मग फळ्यावर लिहितो १०५६२१.

दुसऱ्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, शंभर कमी आहेत."

माझं नाटक चालू असताना तिनं वहीच्या कोपऱ्यात बेरीज करून टाकली होती. मी काय केलं असेन? "हो का, उतरवताना चुकलं वाटतं," म्हणालो आणि हातानंच सहा पुसून सात केला.

घरी येऊन जुना झेरॉक्सचा गठ्ठा काढला. त्यातही १०५६२१च. म्हणजे उतरवताना काही चुकलेलं नव्हतं, मूळ छापलेलंच तसं आहे. मग टिपणांची हिरवी वही काढली, १९९४ची. पान बारा. वर माझं शाईतलं वळणदार अक्षर : 'बेरीज येते, सुनीत येत नाही. विचारप्रवर्तक.' आणि खाली, समासात, पेन्सिलीनं उभी मांडलेली बेरीज. हातचे डोक्यावर लिहिलेले. उत्तर १०५७२१, पुढं एक प्रश्नचिन्ह. साताच्या पोटात आडवी रेघ. अशी रेघ मारणारा आपल्यात एकच होता.

तुला माहीत होतं, दिन्या! एवढी वर्षं!

आणि खरी लाज पुढंच आहे. त्याच टिपणात दोन पानांनंतर मी त्याच निबंधातला मुद्दा लाल शाईनं अधोरेखित केलाय : खेळात उतरलेलं यंत्र गणिताची बरोबर उत्तरं द्यायच्या भानगडीत पडणारच नाही, विचारणाऱ्याला चकवायला मुद्दाम चुका करेल. म्हणजे पठ्ठ्यानं ते शंभर मुद्दामच खाल्ले असणार. प्रश्न बाराव्या पानावर, उत्तर चौदाव्यावर, दोन्ही माझ्याच वहीत. आणि मधलं पान मी नुसतं उलटलं.

तेव्हापासून रोज रात्री वह्या काढून बसतोय. सात वह्या. हिच्या मते मला आता खरंच काहीतरी झालंय. विज्ञानाचं तत्त्वज्ञान सांगणाऱ्या पॉपरच्या पानांवर 'उत्तम'. त्याच विषयातल्या कूनच्या पानांवर 'पॅराडाइम' (विज्ञानातली सर्वमान्य चौकट) इतक्या वेळा की मास्टरमनबाईंनी कूनच्या पुस्तकात त्या शब्दाचे एकवीस अर्थ मोजले, बाविसावा विज्याचा, हा तुझा टोमणा आठवला. (कूनचं पुस्तक मी हरवलं नाही, सुम्यानं नेलं. चौथ्यांदा सांगतोय.) वाचून लगेच, गरमागरम लिहिलेली टिपणं, आणि आज ती कुणा परक्या, जरा शिष्ट माणसानं लिहिल्यासारखी वाटतात. 'विचारप्रवर्तक' एका वहीत चौदा वेळा. कुठला विचार, कुणाला प्रवृत्त केलं, एका ओळीत नाही.

एकच पान वेगळं निघालं. नारळीकरांच्या 'उजव्या सोंडेचा गणपती' या विज्ञानकथेचं. तिथं टिपण नाहीच, कागदाची पट्टी पीळ देऊन डिंकानं चिकटवलीय, मोबियसची, एकच बाजू असलेली, आणि तिच्यावर बॉलपेनची एकच रेघ सगळीकडून फिरून परत आलीय. डिंक पिवळा पडलाय. ती गोष्ट मी आजही झोपेतून उठवलंस तरी सांगेन. नारायण विनायक जगताप हे नाव घेऊन नारळीकरांनी १९७४मध्ये स्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली, आणि ना. वि. ज. ही अक्षरं उलटी वाचली की ज. वि. ना. निघतात, हेही मला तूच सांगितलं होतंस, मेसच्या जिन्यात. ते मात्र वहीत नाही. का नाही?

मुलांना शिकवताना मी काय शिकवतोय, हे आता कळेनासं झालंय. गोष्ट रंगते, पोरं हसतात, आणि त्यातली बेरीज मी एकदाही केलेली नसते. अशा आणखी किती बेरजा असतील? तू वाचायला बसलास की पेन्सिल घेऊन बसायचास, मी पेन घेऊन. त्यावरूनही आपलं भांडण झालं होतं, आठवतं? पेननं लिहिणारा ठाम असतो असं मी म्हणालो होतो. गाढव.

चिन्मयीचं ठरलं हे सुम्याकडून कळलं, तुझ्याकडून नाही, पण असो. फार आनंद झाला. तारीख कळव. वहिनींना नमस्कार. नाशिकच्या नव्या घरात पाणी येतं ना आता?

परवा पुन्हा त्याच वर्गावर तास आहे. त्या मुलीला सांगणार आहे की उतरवताना चुकलं नव्हतं, मी खोटं बोललो, आणि छापलेल्या उत्तरात शंभर का कमी असतील ते तिनंच शोधावं. चौदावं पान दाखवणार नाही.

तू मात्र एक सांग. ती वही तू महिनाभर ठेवून घेतलीस आणि एसटी स्टँडवर परत दिलीस, तेव्हा आपण बोलत नव्हतो. म्हणून गप्प राहिलास, की मी कधीतरी बघेन म्हणून?

तुझा,
विज्या