बारदान घेताना भेटलेल्या काकाजींना

काकाजी, नमस्कार.

तुम्हाला वाचायला चष्मा लागतो आणि तो तुम्ही खिशातून काढत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून नातवाला मोठ्यानं वाचायला सांगा. चारचौघांत लिहिते आहे, कारण आर्वी तालुक्यात वरातीची घोडी पाळणारं आमचं एकच घर नाही. थंडी पडली की झुलीचा प्रश्न प्रत्येकाच्या कोठ्यात असतो.

आठवडी बाजारात मी बारदानाचा भाव करत होते. सहा पोती मागितली होती. तुम्ही शेजारी तंबाखू घेत होता. म्हणालात, "काहून व माय, एवढं बारदान? संत्रा भरून राह्यली काय?" मी म्हटलं, शिंगरांना झूल शिवायची आहे. तुम्ही तंबाखू मळायचे थांबलात. "झूल? थंडी कोनाले लागून राह्यली, तुले का त्यायले?"

खरं सांगते, राग आला होता. अनोळखी माणसानं बाजारात हसावं, आणि तेही ज्या गोष्टीनं आठ दिवस झोप नाही त्यावर. पण मी उत्तर दिलं नाही म्हणून तुम्ही गेला नाहीत. "घोडं किती वर्साचं? केस कसे हायेत? रात्री कुठं बांधतं?" विचारत राहिलात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला एसटीतून उतरून आमच्या दारात उभे. पुलगाव स्टेशनाबाहेर तुम्ही तांगा हाकायचा, आर्वीची छोटी गाडी चालू होती तेव्हापासून, हे चहा पिताना कळलं. तोवर मला वाटत होतं, हे गृहस्थ फुकटचा सल्ला देणाऱ्यांपैकी.

आमची अवस्था तेव्हा काय होती ते इतरांसाठी सांगते. कोठ्यात दोन लहान जनावरं. एक चिमणी, आमच्याच घोडीची, आठ महिन्यांची, नुकतीच दूध तोडलेली. दुसरा बादल, दीड वर्षाचा कुमैत, म्हणजे तांबूस अंगाचा नि काळ्या आयाळीचा, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेला, बचत गटाच्या कर्जावर. घरधनी लग्नसराईत घोडी घेऊन रात्र-रात्र बाहेर, मी दिवसभर कापूस वेचायला. दुपारी अंगातून घाम निघेल असं ऊन आणि पहाटे पारा आठ-नऊवर. आपल्याकडची थंडी अशीच, आभाळ निरभ्र आणि उत्तरेचा वारा सुटला की रात्रीतून गोठवते. २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपूर ३.५ अंशांवर आलं होतं. तेव्हा आमच्या पाण्याच्या टाकीला हात लावला तर बोटं दुखायची, ते अजून विसरले नाही.

बादल विकणाऱ्यानं बजावलं होतं की झूल रात्रंदिवस ठेवा, काढली तर न्यूमोनिया होईल. मी घाबरून दोघांनाही झूल चढवली. बारदान संपलं होतं म्हणून खताची प्लास्टिकची पोती उसवून वरून, आत जुनी गोधडी. कोठ्याला चारही बाजूंनी ताडपत्री. रात्री दाराशी शेकोटी.

चार दिवसांत चिमणी खोकायला लागली. पाचव्या दिवशी वेचणीवरून घरी आले तर झुलीखाली तिचं अंग ओलं, पाठीवर घामाचा पांढरा थर, आणि सूर्य कलल्यावर ती त्याच ओल्या अंगानं थरथरत उभी. ऊन उतरेपर्यंत झूल काढायला घरी कोणी नव्हतं. त्याच रात्री तिचा मागचा पाय तंगाच्या, म्हणजे झुलीच्या पोटाखालच्या पट्ट्याच्या, फाशात अडकला. धडपडून ती अशी पडली की मला वाटलं हाड गेलं. हाड वाचलं. तंग मी कापून टाकला. आणि तरी दुसऱ्या दिवशी बाजारात नवं बारदान घ्यायला गेले, कारण मला वाटलं, चूक पोत्याच्या जातीत आहे.

तुम्ही कोठ्यात शिरलात ते झुलीकडे पाहिलंच नाही. आधी खाली बसलात, चिमणीच्या नाकाच्या उंचीवर, आणि मलाही बसवलंत. "आता दम घे." मी घेतला. मुताचा तिखट वास थेट डोळ्यांत गेला. उभं राहून मी रोज कोठा झाडत होते, मला तो वास कधी जाणवला नव्हता. "डोये काहून पुसून राह्यली? ते पोट्टं रात्रभर हेच ओढते."

त्यानंतर तुम्ही जे बोललात ते मी दारावर खडूनं लिहून ठेवलं आहे. "वारा आडव. हवा नोको आडवू."

ताडपत्री काढली. उत्तरेच्या बाजूला गेल्या वर्षीच्या तुराट्यांचा कूड बांधला, जनावराच्या पाठीएवढा, वरचा भाग मोकळा. शेकोटी अंगणात गेली. खाली गव्हांड्याचा जाड थर, ओला झालेला रोज उचलायचा. खोकला आठवड्यात कमी झाला, दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की छाती साफ आहे. झुलीचा प्रश्न अजून तसाच होता, पण तो आता दुसऱ्या क्रमांकावर गेला होता, आणि मला वाटतं तेच तुम्हाला हवं होतं.

मग झूल. तुम्ही ती काढलीत आणि माझा हात धरून चिमणीच्या कोपरामागे, छातीखाली घातलात. उबदार. कानाच्या मुळाशी, उबदार. पाठीवरचे केस उभे होते, मला वाटलं आजारानं. तुम्ही म्हणालात, ती तिची स्वतःची झूल आहे. केस उभे राहिले की मधे हवा अडकते आणि ऊब टिकते. वर गोधडी दाबली की ते केस चपटे होतात. म्हणजे मी एक ऊब काढून दुसरी घालत होते, आणि माझी त्यातली पातळ होती.

बरगड्यांवरून हात फिरवायला लावलंत ते वेगळं. हिवाळ्याच्या केसांत बरगडी दिसत नाही, जनावर गुबगुबीत वाटतं. बोटांना मात्र कळतं. चिमणीच्या बरगड्या बोटांना लागत होत्या पण बोट आत रुतत नव्हतं. बादलच्या मात्र मोजता आल्या.

आणि बादलचे केस! यात्रेत ज्या चकचकीत अंगावर आम्ही भाळलो, ते अंग विक्रीसाठी तयार केलेलं होतं. तुम्ही त्याच्या मानेवरून उलटा हात फिरवला आणि म्हणालात, "याले बल्बाखाली ठेवलं होतं, झूल घालून." मी हे नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या भाचीला विचारलं. ती म्हणाली, आजोबा बरोबर आहेत. घोड्याच्या अंगावर हिवाळी केस येतात ते मुख्यतः दिवस लहान होत जातो त्या हिशेबानं, जून उलटला की तयारी सुरू होते. रात्री उशिरापर्यंत उजेड ठेवला तर शरीराला वाटतं अजून उन्हाळाच आहे. डिसेंबरच्या २२ तारखेनंतर दिवस तिळातिळानं मोठा व्हायला लागतो, म्हणजे ज्याला या वर्षी केस आले नाहीत त्याला आता येणार नाहीत.

म्हणून एकाच कोठ्यात दोन निर्णय झाले. चिमणी बिनझुलीची. बादलला झूल, पण फक्त रात्री, फक्त बारदानाची, प्लास्टिकचा तुकडा नाही, तंग पोटाला चिकटेल इतका घट्टही नाही आणि पाय अडकेल इतका लोंबताही नाही. उन्हं आली की काढायची. मी पहाटे शेतात गेले तर सासूबाई काढतात. पहिल्यांदा त्या घाबरल्या, आता त्यांना पाहिलं की बादल मान खाली करतो. सासूबाई चिमणीला 'अस्वल' म्हणतात, बादलला 'नागपूरवाला'.

आयाळ संपते तिथे आणि खांद्याच्या पुढच्या बाजूला रोज हात फिरवायचा, हे तुम्ही तीनदा सांगितलंत. तिसऱ्यांदा मला कंटाळा आला होता, माफ करा. पण डिसेंबरात सैल असलेली झूल जानेवारीच्या शेवटी खांद्यावर घासायला लागली, कारण बादल वाढत होता आणि झूल वाढत नव्हती. केस उडालेला रुपयाएवढा डाग हाताला लागला तेव्हाच कळलं. त्या दिवशी झूल उसवून तिला रुंद पट्टी जोडली.

एक गोष्ट मी इथे मुद्दाम लांबवते, कारण ती कोणी विचारत नाही. तुम्ही बारदानाचे पैसे वाचवून कुटार, म्हणजे मळणीतलं भूस, घ्यायला लावलंत. "घोड्याची शेगडी पोटात रायते. तिले कुटार पायजे." मला वाटलं, म्हातारी म्हण असेल. भाचीनं समजावलं. घोडा चारा चावून गिळतो तो मागच्या मोठ्या आतड्यात आंबतो, आणि त्या आंबण्यातून ऊब निघते. म्हणून दाण्यापेक्षा सुका चारा थंडीच्या रात्री जास्त कामाचा. तिनं आकडेही दिले. मोठं, धडधाकट घोडं सुमारे ५ ते २५ अंशांत आरामात असतं. नुकतं जन्मलेलं पिल्लू मात्र आपल्या सकाळच्या थंडीतही ऊब टिकवायला धडपडतं. आणि थंडीला सरावलेल्या, वाढत्या वयाच्या घोड्यांवर कॅनडात अभ्यास झाला आहे. पोटभर चारा मिळाला तर ती उणे ११ अंशांपर्यंत जास्तीची शक्ती न खर्चता राहिली. मोजून चारा दिला तर तीच मर्यादा ० वर आली. आपली चिमणी काही कॅनडाची नाही, पण फरक पाहा, झुलीशिवाय, नुसत्या चाऱ्यानं.

तेव्हापासून रात्री नऊला हरभऱ्याच्या कुटाराची शेवटची पाटी पडते. संध्याकाळी चंदी, म्हणजे दाणा, आणि कुटार झोपण्याआधी. पाणी सकाळी कोमट करून. थंडगार पाण्याला तोंड लावून घोडं मागे फिरतं आणि मग कोरड्या चाऱ्यावर पोट धरतं, हे तुम्ही सांगितलं नव्हतं, ते मी स्वतः पाहिलं.

गूळ, हळद, मेथीचे लाडू तुम्ही सुचवलेत. भाची म्हणाली, त्यानं ऊब वगैरे येत नाही. मी बादलला तरी गुळाचा खडा देते. आवडतो त्याला. यात तुम्ही दोघंही माझ्यावर रागावू नका.

डिसेंबरच्या शेवटी तुमची खरी परीक्षा झाली. संध्याकाळी ढग भरून आले, वारा सुटला आणि दोन तास पाऊस. चिमणी अंगणात होती, चिंब झाली. माझा हात आपोआप झुलीकडे गेला. पण तुम्ही सांगितलेलं आठवलं, ओल्या अंगावर झूल म्हणजे ओलं फडकं अंगाशी बांधणं. भिजलेले केस उभे राहत नाहीत, चिकटतात, ती घरची झूलच गेलेली असते. तिला कूडाच्या आड घेतलं, गव्हांड्याच्या मुठींनी अर्धा तास चोळलं, मग खरारा केला. कोपरामागे हात घालत राहिले. थरथर थांबली, केस सुटे झाले, कान उबदार लागले. झूल घातली नाही. रात्री दोनला पुन्हा जाऊन हात घातला, त्यात तुमचा दोष नाही, माझी सवय.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. एसटीचं भाडंही घेतलं नाहीत, फक्त एक कप चहा आणि कांदा-भाकर. म्हणालात, तांगा गेला, घोडं गेलं, आता कोणी काही विचारत नाही. मला त्यावर काय बोलावं सुचलं नाही, म्हणून भाकर वाढत राहिले. ते तेव्हा बोलता आलं नाही ते आता लिहिते. तुम्ही आलात म्हणून ते शिंगरू खोकत राहिलं नाही, आणि बचत गटाच्या हप्त्याबरोबर औषधाची उधारी बसली नाही. आमच्या घरावर तुमचे उपकार आहेत.

होळी जवळ आली. चिमणीचे केस आता खरार्‍याबरोबर मुठी-मुठीनं निघतात, चिमण्या ते घरट्याला उचलून नेतात. बादलची झूल धुऊन आढ्याला टांगली आहे, उरलेली चार पोती बाजारवाल्याला परत केली, त्यानं अर्धेच पैसे दिले. बादलच्या पुढच्या डाव्या खुराची कड जरा फुटल्यासारखी वाटते आहे. पुढच्या बाजाराला या, नाल ठोकायच्या आधी तुम्ही एकदा हातानं पाहिलेलं बरं. भाकरी आहेच.

तुमची,
बारदानवाली